शब्दांची माहेरं

इंग्रजांना देशाबाहेर घालवायला जेवढा वेळ लागला नसेल, तेवढा आमच्या शेजारच्या नानांना एक इंग्रजी शब्द त्याच्या मूळ घरी पोचवायला लागायचा. जळगावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये ते हिशेब लिहीत, पण सगळा जीव शब्दांत. साखर रेशनवर मिळायची ते दिवस. चहात चमचा फिरला की सुरुवात, "शुगर म्हणजे आपली शर्करा बरं का." मग ती इराणात शकर व्हायची, अरबांकडे सुक्कर, फ्रान्सात मुक्काम करायची आणि साहेबाच्या कपात पडेपर्यंत आमच्या कपावर साय धरलेली असायची. कापूस घेऊन आलेल्या गाडीवाल्यालाही त्यांनी कॉटन मूळचं अरबांचं असल्याचं ऐकवलं. तो घाबरून म्हणाला, "भाऊ, हाऊ माल अमळनेरना शे. पावती दखाडू का?"

नानांच्या मुलीला पाहायला आलेली दोन स्थळं अशीच चहा अर्धा टाकून उठून गेली होती. त्यामुळे यावलचे केळीवाले आबा मुलाला घेऊन येणार, त्या दिवशी काकूंनी नानांना शपथच घातली. मुलगा लेकीच्या मनात भरला होता, हे नानांनाही ठाऊक होतं. त्यांना आवरायला मला शेजारी बसवलं. नानांनी साखर मुकाट्यानं ढवळली, मला त्यांची दयाच आली. आणि आबाच म्हणाले, "हा बनाना शब्द साहेबानं आपल्या संस्कृतातून नेला म्हनतात. तुमी जानकार. खरं का?"

नुसती मान हलवायची होती. काकू दाराआडून डोळ्यांनी विनवत होत्या. नानांनी लेकीकडे पाहिलं, घाम पुसला.

"नाही हो आबा. तो आफ्रिकेतला. पोर्तुगीजांनी युरोपात नेला."

आबांनी कप खाली ठेवला. "पोरीले सैपाक येतो का?"

"बेताचाच," नाना म्हणाले. काकूंनी डोळे मिटून घेतले.

आबा मात्र पोट धरून हसले. "असा खरं बोलनारा सोयरा कुठं भेटनार? पोरगी पसंत आहे आमाले."

थाटात लग्न झालं, मुलगी यावलला गेली आणि नाना गप्पच झाले. चहा गरम मिळू लागला, पण गोड लागेना. शेवटी एका संध्याकाळी मी मुद्दाम खडा टाकला, "नाना, हे टेबल मूळचं कुठलं?" लॅटिन, हे त्यांच्याच तोंडून ऐकून मला पाठ होतं.

"असेल कुठलं तरी," ते म्हणाले. मला फार वाईट वाटलं. ते रस्त्याकडे बघू लागले. मग हळूच म्हणाले, "यावलची शेवटची गाडी किती वाजता असते रे?"