हिलाल नानांचं ‘येतो जरा’

हिलाल नानांचा अर्धा संसार ‘येतो जरा’ या दोन शब्दांवर चालला. शिंदखेड्याला एसटीत ड्रायव्हरकी करून ते रिटायर झाले, पण घरात नावडता विषय निघाला की चपला पायात सरकवून चौकात निघून जायची खोड काही सुटली नाही. आणि नावडता विषय एकच, सारिका. लेकीनं आपल्या मनानं परजातीत लग्न केलं, तेव्हापासून तिचं नाव निघालं की नाना बाहेर. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात सासरी गेलेली लेक माहेरी येते, निंबाला झोके बांधतात, गल्ली गाण्यांनी भरून जाते. नानांच्या दारचा निंब तेवढा रिकामा. कुंदाबाई त्या दिवशी पुरणपोळ्या करायच्या आणि स्वतः खायच्या नाहीत. नानांना ते दिसायचं. दिसलं की, येतो जरा.

यंदा गावातल्या म्हाताऱ्या मंडळींबरोबर दोघं गिरनार बघायला गेले. नानांचे गुडघे कधीच कामातून गेलेले, म्हणून रोपवे. मंडळी पुढच्या डब्यांत बसली आणि शेवटचा डबा या नवरा-बायकोलाच मिळाला. दार आपोआप लागलं तसं नानांनी ते आतून ढकलून पाहिलं. उभा जन्म घाटात गाडी हाकलेला माणूस, पण इथे हातात स्टिअरिंग नाही, पायाखाली ब्रेक नाही. समोर एवढा गिरनार उभा, आणि नाना दाराची कडी शोधत होते.

निम्म्यावर वारा सुटला आणि डबा थांबला. नुसता हलत राहिला. कुंदाबाईंनी एकदा खाली पाहिलं, एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, “सारिकानी पोर चार सालनी व्हयनी.”

नाना सवयीनं उठले. डबा कलला तसे मुकाट्यानं बसले. जाणार कुठे?

मग कुंदाबाईंनी इतक्या वर्षांचं सगळं काढलं. बाळंतपणात पोरीजवळ माहेरचं कुणी नव्हतं. सुरुवातीला दर आखाजीला ती बॅग भरून फोनची वाट बघायची. नातीचं नाक थेट नानांवर गेलंय. नानांनी डोळे मिटले, पण कान काही मिटता येईनात. शेवटी ते म्हणाले, “बलाव तिले आखाजीले.” तेही असं, की जणू उपकारच करतायत.

“मागला सालले बलावं मी, तुमले न इचारता,” कुंदाबाई म्हणाल्या. “ती म्हनी, माय, आते मी मनी पोरले आठेच झोका बांधी देस.”

बोलावूनही लेक आली नव्हती, तिनं आपल्याच घरी झोका बांधला होता. दार आपण लावलंय, तेव्हा उघडणंही आपल्याच हातात, असं नाना आजवर धरून चालले होते. रडावं तर बायकोसमोर कधी रडले नव्हते.

तेवढ्यात डब्याला हिसका बसला आणि तो चालू लागला. वरचं स्टेशन जवळ येऊ लागलं. अजून थोडा वेळ अडकलो असतो तर बरं झालं असतं, असं नानांना वाटलं. घाईघाईनं त्यांनी विचारलं, “पोरनं नाव काय शे?”

दार उघडलं. कुंदाबाईंनी पदर सावरला.

“येस मी जरा,” म्हणाल्या आणि अंबामातेच्या देवळाच्या पायऱ्या चढू लागल्या. नाना दांडा धरून उतरले, मागोमाग दोन पायऱ्या चढले आणि गुडघा धरून तिथेच बसले.