वाटेत नाडी बांधायची नाही

बारावीचा निकाल लागला आणि मुलीला पुढे कुठल्या कॉलेजात घालायचं, हा प्रश्न घरात आला. ती लांब पल्ल्याची धावपटू आहे. खुटबावजवळच्या आमच्या शेतापासून निघून कालव्याच्या भरावावरून ती रोज सकाळी पळायची. चार भिंतींत तिचं मन रमत नाही, हे तिच्या शिक्षकांनी पाचवीपासून आम्हाला सांगितलं होतं.

पर्याय दोन होते. एक कॉलेज पुण्यातलं. तिथे सिंथेटिक ट्रॅक होता, मुलींचं वसतिगृह होतं, फाटकावर पहारेकरी होता. दुसरं शिरूरचं. मैदान मातीचं आणि लहान, पण तिथले क्रीडाशिक्षक मुलींना गावाबाहेर शेतरस्त्यांवर पळवत, आणि क्रॉस कंट्रीच्या स्पर्धांत त्यांच्या मुली पुढे असत. राहायला माझ्या नणंदेचं घर होतं. मुलीला शिरूर हवं होतं, मला पुणे.

कारण ऊस. शिरूरच्या त्या रस्त्यांना दोन्ही बाजूंनी ऊस आहे आणि उसात बिबटे आहेत.

मी चौदा वर्षं एका दैनिकाच्या जिल्हा पानावर काम केलं. तालुक्यांतून आलेल्या बातम्या तपासायच्या, कापायच्या, लावायच्या. बिबट्याच्या बातमीचा साचा मला पाठ होता: गाव, शिवार, वेळ, वय. वयाची खात्री करायला मी बातमीदाराला पुन्हा फोन करत असे, कारण चुकलं तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापावा लागे. वय हा तेव्हा माझ्यासाठी तपासायचा एक आकडा होता. नोकरी सोडून कायमची इथे राहायला आले, मुलगी शिरूरचं नाव घेऊ लागली, आणि त्या जुन्या बातम्या मला एकेक आठवू लागल्या.

कात्रणं घरात होतीच. मी ती तारखेप्रमाणे फाइलला लावली आणि मुलीच्या हातात दिली.

नवरा शेवंतीच्या रोपांना पाणी देऊन आला होता. फाइल बघून म्हणाला, "तुझ्या पेपरात वाघ रोज हाय. आपल्या रानात म्हैनाभर दिसला न्हाई."

"दिसला नाही म्हणजे नाही, असं होत नाही."

"मग दिसायची वाट बघती का काय?" एवढं बोलून तो जेवायला बसला. बिबट्याला आमच्याकडे सगळे वाघच म्हणतात.

मुलीने दुपारभर फाइल वाचली. संध्याकाळी ती परत देताना म्हणाली, "मम्मी, ह्यात पळणारं कुणीच नाही. गवत कापणारी, शेण भरणारी, परसाकडं बसलेली, नाहीतर बारकी पोरं. सगळी खाली वाकलेली."

मी पुन्हा पाहिलं. माझ्या फाइलपुरतं ते खरं होतं. इतकी वर्षं या बातम्या लावूनही ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. भीती मात्र कमी झाली नाही.

पुण्याला आधी गेलो. वसतिगृहाच्या रेक्टरबाई नेमक्या बोलत होत्या. फाटक सकाळी साडेसहाला उघडतं. ट्रॅक संघांमध्ये वाटून दिलेला आहे. बाहेर रस्त्यावर पळायला परवानगी नाही. मुलीने ट्रॅकवर पंचवीस फेऱ्या मारल्या. बाहेर आल्यावर म्हणाली, "निम्मं डोकं फेऱ्या मोजण्यातच जातं." मी तेव्हा कुंपणाची भिंत पाहत होते. ती उंच होती आणि वर काचा होत्या. भिंतीकडे पाहून मला बरं वाटलं.

शिरूरला आदल्या दिवशी मुक्कामी गेलो. क्रीडाशिक्षकांनी फोनवर सांगितलं होतं, "ताई, मैदान बघून काय कळणार न्हाई. सकाळी या, डोळ्यांनी बघा."

उजाडल्यावर गावाबाहेर पाण्याच्या एका पाटाच्या कडेला तीन मुली उभ्या होत्या. आमची चौथी. क्रीडाशिक्षक पन्नाशीचे, गळ्यात शिट्टी, मोटरसायकल सुरूच. पळण्याआधी त्यांनी प्रत्येकीच्या बुटाची नाडी स्वतः ओढून पाहिली. दुहेरी गाठ, टोकं आत खोचलेली.

"वाटेत नाडी बांधायची न्हाई," ते आमच्या मुलीला म्हणाले. "सुटली तर सुटू दे. बूट गेला तर जाऊ दे. पर वाकायचं न्हाई. कळलं?"

"हो सर."

"उभ्या माणसाला तो माणूस समजतो. वाकलेल्याला काय समजतो ते तुला सांगायला नको."

मी त्यांच्या मागे मोटरसायकलवर बसले. मुली पुढे, दोन-दोन. रस्ता बैलगाडीचा, मध्ये गवताची पट्टी. गेल्या पावसाळ्यात लावलेला आडसाली ऊस डोक्याच्या वर गेलेला. पानं रस्त्यावर झुकलेली, त्यामुळे आतलं एक हात अंतरही दिसत नव्हतं. एका बांधावर एक आबा पाण्याचा पाइप ओढत होते. मुलींना पाहून ओरडले, "ए पोरींनो, एवढ्या पळताय, वाघ दमंल की गं मागं लागून!"

"आबा, तुमच्याकडंच पाठवतो त्याला, चहा पाजा!" पुढची मुलगी म्हणाली.

"पाठव, पाठव. सासूबी घरीच हाय माझी!"

मुली हसल्या. आमचीही हसली. मला हसू आलं नाही.

तिथून पुढे रस्ता वळतो. वळणावर, दुहेरी गाठ असूनही, आमच्या मुलीची उजवी नाडी सुटली. टोक मातीवर आपटताना मला दिसलं. ती चार पावलं पळाली, थांबली, आणि एका बाजूच्या उसाला पाठ करून खाली वाकली.

मला ओरडायचं होतं. त्याआधीच शिक्षकांनी हॉर्नवर अंगठा दाबला आणि तो तसाच दाबून ठेवला. पुढच्या तिघी मागे फिरल्या होत्या. त्या तिच्याभोवती उभ्या राहिल्या, तोंडं उसाकडे, हात डोक्याच्या वर, आणि जोरजोरात टाळ्या वाजवू लागल्या. मुलगी त्यांच्या पायांमध्ये वाकलेली होती. मला फक्त तिची पाठ दिसत होती. ती इतकी लहान दिसत होती की क्षणभर मला तिचं वय आठवेना.

किती वेळ गेला, सांगता येत नाही. उसात काही हललं नाही. काही बाहेर आलं नाही. घडलं ते एवढंच.

"काय सांगितलं व्हतं मी?" हॉर्न बंद करून शिक्षकांनी विचारलं.

"सवय आहे सर. घरी पळताना मी अशीच बांधते."

"घरी कुठं?"

"कालव्यावर."

"तिथं ऊस न्हाई का?"

कालव्याच्या एका अंगाला पूर्ण उसाचंच रान आहे. तिथे ती दोन वर्षं एकटी पळत होती, आणि तिथे तिच्या भोवती उभं राहायला कुणी नव्हतं. घराजवळचं रान म्हणून मी ते फाइलमध्ये धरलंच नव्हतं.

निघताना शिक्षक मला म्हणाले, "ताई, ग्यारंटी मागू नका. उजाडल्याबिगर काढत न्हाई, एकटीला काढत न्हाई. त्याच्या पुढचं माझ्या हातात न्हाई. उद्या फॉर्मची शेवटची तारीख हाय, घरी बोलून ठरवा."

शिरूरहून न्हावरेमार्गे आमच्या गावाजवळच्या चौफुल्याला जाणारी एसटी मिळाली. न्हावरे मागे पडलं. मुलगी म्हणाली, "मम्मी, पुण्याचाच फॉर्म भरू का?"

तीन आठवडे मी याच वाक्याची वाट पाहत होते. तिच्याकडे पाहिलं.

"का?"

"भीती वाटली."

"वाकलीस तेव्हा?"

"नाही. तेव्हा नाडीच बघत होते. उठले आणि तुझं तोंड दिसलं, तेव्हा."

बसमध्ये बाजाराला निघालेल्या भाजीच्या पाट्या होत्या, कोथिंबिरीचा वास होता. पुढच्या सीटवरच्या मामांनी फोनवर कांद्याचा भाव तीनदा विचारला. ही भीती मी तिला दिली होती आणि ती तिने घेतली होती. ती घेऊन ती पुण्याला गेली तर भिंतीच्या आत फेऱ्या मोजेल, आणि सुट्टीत घरी आली की कालव्यावर पाय ठेवणार नाही.

"शिरूरचा भर," मी म्हणाले.

"तुला चालेल?"

"नाही चालणार. रोज सकाळी तू परत येईपर्यंत मला भीती वाटणार. ती माझी आहे, तू घेऊ नकोस. तू तिथल्या मुलींच्या बरोबरीने पळ आणि सर सांगतील तसं कर."

तिने फोनवर फॉर्म उघडला आणि भरत गेली. शेवटी पालकांच्या संमतीचा चौकोन होता. तिने फोन माझ्यापुढे धरला. बस खड्ड्यांतून जात होती. पहिल्यांदा बोट चौकोनाच्या बाहेर पडलं, दुसऱ्यांदा आत. रेंज गेली होती. फॉर्म पोहोचल्याचा मेसेज येईपर्यंत चौफुला आला.