डबलकाका आणि दुसरी डिस्क

डबलकाकांच्या घरात कुठलीच वस्तू एकटी नसे. छत्र्या दोन, चष्मे दोन, किल्ल्यांचे जुडगे दोन. त्यातला एक कायम माझ्याकडे. बेडोक उपनगरातल्या आमच्या ब्लॉकमध्ये ते माझ्या वरच्या मजल्यावर राहत. जन्मभर जहाजांच्या इंजिनांची देखभाल केलेला माणूस. "एकच असलं की ते नेमकं गरजेला दगा देतं," असं ते गंभीरपणे बजावत. काकू लगेच म्हणत, "नशीब माझं, बायको तेवढी एकच केली."

काकू गेल्यावरही काका चहा दोन कपच टाकत. बुओना व्हिस्टाच्या ऑफिसातून परतताना मी वर डोकावले, की म्हणत, "बरं झालं आलीस, दुसरा कप वाया जाणार होता." मी गेले नाही तर तो कप टेबलावर तसाच निवत असे, हे मला ठाऊक होतं.

शेवटच्या आजारपणात काकूंनी मेलबर्नच्या मुलीसाठी आपल्या पाककृती बोलून ठेवल्या होत्या. स्वयंपाकघराच्या दाराशी काकांचा जुनाट संगणक होता. त्याच्यासमोर बसून काकू सांगत आणि काका ते ध्वनिमुद्रित करत. संगणकात अर्थातच दोन डिस्क, चांगल्या भल्यामोठ्या. एकीवर लिहिलेलं दुसरीवर आपोआप उमटायचं, आरशात उमटावं तसं. पुढे काका तेच ऐकत एकट्यापुरता स्वयंपाक करू लागले. "मीठ अंदाजाने घाला म्हणते. कुणाच्या अंदाजाने, ते नाही सांगत," अशी कुरकुर चाले, पण आमटी हळूहळू काकूंच्या वळणावर जायला लागली होती.

एका शनिवारी सकाळी काका खाली आले ते चेहरा पाडूनच. "अगं, उठतच नाहीये ते यंत्र. तिचा आवाज गेला बहुतेक."

वर जाऊन पाहिलं तर पहिली डिस्क मेलेली. दुसरी ठणठणीत, तरी पडदा काळा. पेनड्राइव्ह लावून आत शिरले तेव्हा घोळ कळला. संगणकाला जागं करणारा एक छोटा प्रोग्रॅम असतो, बूटलोडर. तो काही आरशात उमटत नाही, प्रत्येक डिस्कवर आपल्या हाताने घालावा लागतो. काकांनी तो एकाच डिस्कवर घातला होता. डबलकाकांनी!

"सगळं दोन-दोन केलं आणि हे एवढं राहिलं," म्हणत ते मटकन खुर्चीत बसले.

"काका, फायली शाबूत आहेत. माझ्या लॅपटॉपवर घेऊन ठेवते."

"घे. पण हे यंत्र उठलं पाहिजे. ती याच्यासमोर बसून बोललीय."

मी बूटलोडर घालायला गेले, तर संगणकाने साफ नकार दिला. एवढ्या मोठ्या डिस्कवरून उठायचं तर अशा म्हाताऱ्या मशीनला बूटलोडरसाठी चिमूटभर जागा वेगळी राखून द्यावी लागते. दुसऱ्या डिस्कवर ती राखलेलीच नव्हती. सुदैवाने अगदी सुरुवातीला थोडी कोरी जागा उरली होती, तीच त्याच्या नावे केली आणि मशीन उठलं. काकांनी फाईल लावली. काकूंची प्रत्येक फाईल एकाच प्रश्नाने सुरू व्हायची, "अहो, चालू झालं का?" मग क्षणभर शांतता. तेव्हा काका नुसती मान हलवत असणार. त्या दिवशी मात्र त्या शांततेत ते मोठ्याने म्हणाले, "झालं. बोल तू." मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच धुतलेले कप पुन्हा धूत राहिले.

मेलेल्या डिस्कच्या जागी नवी आणली, तिच्यावर बूटलोडरसकट सगळं काकांनी स्वतः घातलं. मग अधूनमधून एकेक डिस्क काढून ठेवायची आणि दुसरी आपली आपण उठते का ते बघायचं, हा त्यांचा उद्योगच होऊन बसला. मी चिडवायचे, "काका, पुरे की आता." ते म्हणत, "एकट्याला उठता आलं पाहिजे गं."

यंदा एका सकाळी काकांनीच दार उघडलं नाही. माझ्याकडचा जुडगा तेव्हा पहिल्यांदा वापरावा लागला. झोपेतच गेले होते. मुलगी आली, तिने घर आवरलं. एक डिस्क ती घेऊन गेली. दुसरी संगणकासकट माझ्याकडे आली. "बाबांनी तसं सांगूनच ठेवलं होतं," ती म्हणाली.

काल मी तो माझ्या ओट्याजवळ मांडला. बटण दाबलं. त्या एकाच डिस्कवर तो उठला. भरल्या वांग्यांची फाईल लावली.

"अहो, चालू झालं का?" काकूंनी विचारलं.

मग ती शांतता. ती काही मला सोसवेना.

"झालं, काकू," मी म्हणाले. "बोला."