बुजलेली बारव

परवा विद्यापीठात एका खुल्या तोंडी परीक्षेला जाऊन बसलो. खरं सांगायचं तर नंतरच्या समोशाच्या आशेनं. आमच्या शेजारची शुभदा पायऱ्यांच्या जुन्या विहिरींवरचा आपला प्रबंध मांडत होती. परीक्षकांनी चष्मा कपाळावर चढवला.

"या प्रकरणातली बारव केव्हाच बुजली, असं तीन ग्रंथांत आहे. तुम्ही म्हणता, पाणी आहे. संदर्भ?"

"सर, मी तिथं गेले होते. ते पाणी प्यायले."

"प्यायलात, उत्तम! पण संदर्भ?"

सगळे हसले, आणि माझी समोशाची भूकच मेली. अहो, पहिल्यानं ऐकीव लिहिलं, दुसऱ्यानं ते उतरवून घेतलं, तिसऱ्यानं दोघांचा दाखला दिला. झाले तीन साक्षीदार! बारवेपर्यंत मात्र एकही गेला नाही. संदर्भ म्हणजे मुळात पाहणाऱ्यापर्यंत परत नेणारी वाट. आपण त्या वाटेवर फाटक बसवलं आणि पाहून आलेल्या पोरीलाच बाहेर उभं केलं. शंका घ्यावी, जरूर घ्यावी! मग ती छापलेल्या ओळीवर का घेत नाही? शाई वाळली की ओळ सोवळ्यात जाते काय?

"तेवढं प्रकरण काढून टाका," परीक्षक मायेनं म्हणाले, "पदवीची शिफारस आजच करतो."

शुभदानं समोरचा प्रबंध मिटला.

"मग पदवी राहू द्या, सर. भरलेली बारव मी बुजवणार नाही."