नकाशातली मोकळी जागा

पर्यटकांसाठी छापलेला नकाशा घेऊन मी किनाऱ्यावरचे जुने बंगले पाहत एकटाच चाललो होतो. शेठजींचा हवा खायचा बंगला, गोऱ्या कलेक्टरचा बंगला. प्रत्येकाला क्रमांक आणि चार ओळींची कीर्ती. पाचव्या बंगल्यापुढे नकाशात ‘मोकळी जागा’ होती. प्रत्यक्षात तिथे बांबूंवर बोंबील वाळत होते, दोन-दोन, जबड्यात जबडा अडकवलेले.

ते उलटवणाऱ्या बायकांतल्या एका कोळीणमावशींनी मला थांबवलं. “दादा, पेन हाय ना? लिव्हा हितं, कोळ्यांचं खळं. मोकळी म्हटली का उद्या कुंपान पडंल.”

“माझ्या एकट्याच्या नकाशाने काय होणार?”

“सकाळधरनं तुम्ही सातवे. एकानं बोंबलाचं चित्र काढलं, पालीवानी दिसत व्हतं.” बाकीच्या बायका हसल्या.

जे विसाव्याला आले त्यांचा इतिहास झाला आणि जे राबले त्यांची जागा रिकामी ठरली. हा अन्याय पुसायला कुणी मोर्चाची वाट पाहत बसलं नव्हतं. येणाऱ्या प्रत्येकाच्या हातून नकाशा दुरुस्त होत होता.

मी लिहिलं, ‘कोळ्यांचं जुनं खळं’.

मावशींनी ते वाचायला लावलं आणि मान हलवली. “जुनं खोडा. चालू हाय, असं लिव्हा.”