इंजिनाचं शनिवारचं अभ्यंग

आपल्या शिंपी काकांच्या, विठ्ठलरावांच्या, खेळातल्या विमानाच्या कोऱ्या इंजिनात शेषगिरीने शिलाई मशीनचं तेल घातलं, तेव्हा आपण फार मोठं डोकं लढवलं असंच त्याला वाटत होतं. काकांनी बजावलं होतं, कडकोळच्या कामावरून येताना एरंडेल आण. तो विसरला. काकांच्या दुकानात मात्र मशीनच्या तेलाचे डबे रांगेने उभे. दिवसभर धावणाऱ्या मशीनला जे चालतं, ते मुठीत मावणाऱ्या इंजिनाला का चालू नये? काका गिऱ्हाइकाचं माप घेण्यात गुंतलेले बघून याने मागच्या अंगणात इंधनाच्या स्पिरिटमध्ये तेल ओतलं, बाटली खळखळवली, टाकी भरली आणि पंख्याला झटका दिला. इंजिन खोकलं, मग किंचाळलं आणि करकचून गप्प झालं.

विठ्ठलराव गळ्यातल्या टेपसकट धावत आले. आधी त्यांनी हवा हुंगली.

“एरंडेलाचा वास कुठाय रे?”

शेषगिरीने बाटली पुढे केली. तेल तळाशी, स्पिरिट वर. सोयरीक मोडलेल्या दोन घरांसारखी.

“अय्यो! मशीनचं तेल स्पिरिटात मिसळत नाही, एवढंसुद्धा शिकवलं नाही तुझ्या गावच्या, कृष्णराजनगरच्या शाळेत?”

“तो धडा ऑप्शनला टाकला होता, काका.”

विठ्ठलराव हसले नाहीत. निम्म्या मैसूरच्या प्रोफेसरांचे कोट शिवणारा हा माणूस उरलेल्या अस्तराने विमानाचे पंख मढवायचा. दोन लांब तारांना बांधलेलं विमान, मधे उभा राहून स्वतःभोवती गरगर फिरणारा शिंपी, आणि वर विमानाच्या कोलांट्या. चार वर्षांत दोन विमानं गेली. दोन्ही उलटी उडताना. इंजिन ऐन वेळी दम सोडायचं. हे नवं इंजिन आल्यावर त्यांच्या थोरल्या बहिणीने, अंबूताईंनी, निकाल देऊन ठेवला होता : “हे तिसरं. पडलं की विमानांचा माळा रिकामा करायचा. माझे पापडाचे डबे ठेवायला जागा नाही घरात.”

रात्री इंजिन उघडलं. पिस्टनवर केसाएवढा ओरखडा.

“वाचलं,” काका म्हणाले. “पण आता बाजारचं भेसळीचं तेल नको. ताईचंच पाहिजे. आणि ते तू आणायचं.”

 ताई म्हणजे अंबूताई, शेषगिरीच्या आत्या. त्यांचं एरंडेल म्हणजे कृष्णराजनगरहून बिया आणून, मेथी घालून, स्वतः कढवलेलं. शनिवारी घरातल्या प्रत्येकाच्या टाळूवर तेच थापायचं. चोरी होऊ नये म्हणून बाटलीवर तेलाच्या पातळीला शिंप्याच्या खडूची रेघ.

पुढचे चार शनिवार आधी शेषगिरीला अभ्यंग, मग इंजिनाला. आत्या भांडी घासायला गेल्या की हा बाटली तिरकी करायचा आणि रेघ पुसून खाली नवी ओढायचा. अंगणात लाकडाच्या ठोकळ्यावर इंजिन आवळलेलं. काका बोटात अंगुस्तान घालून पंख्याला झटका द्यायचे. इंधन सोडणारी सुई भरपूर उघडी. इंजिन तेल पिऊन घोगऱ्या आवाजात डुगडुगायचं. दोन मिनिटं झाली की बंद. हात लावण्याइतकं निवलं की पुन्हा.

“काका, सुई जरा आवळू? म्हाताऱ्यासारखं खोकतंय.”

टेपचा फटका मनगटावर. “नवा कोट पहिल्या ट्रायलला काखेत काचतोच. अंगावर बसू दे. स्वल्प थांब की रे!”

चौथ्या शनिवारी काकांनी सुई स्वतः किंचित फिरवली. घोगरा आवाज ताणला गेला, मोकळा झाला. ठोकळा उचलून इंजिनाचं तोंड वर करताच आणखी चढला, खाली करताच पुन्हा निवांत डुगडुगला. काका मान डोलवत राहिले. “बसलं.”

रविवारी मैसूरच्या विजयनगरात, जिथे तेव्हा घरांपेक्षा साइटचे, म्हणजे प्लॉटच्या हद्दीचे, दगडच जास्त होते, अंबूताई पापडाच्या डब्यांची मापं मनाशी घोळवत येऊन बसल्या. विमान उठलं. एक कोलांटी, दुसरी, आणि मग ते पाठीवर पडून चाकं आभाळाकडे करून धावू लागलं. शेषगिरीने डोळे मिटले. त्याला ओरखडा दिसत होता.

इंजिन थांबलं नाही. एक फेरी, दोन, तीन. काकांचं धोतर सुटत आलं होतं, पण तारांवरचा हात सुटला नाही.

तेवढ्यात वाऱ्याने धुराचा लोट अंबूताईंकडे वळवला. पातळावर बारीक थेंब उडाले. त्यांनी पदर नाकाशी नेला.

“मेथी!” त्या कडाडल्या. “विमानाला मेथी कोण घालतं रे?”

विमान सुखरूप उतरलं होतं. काका घाम पुसत म्हणाले, “ताई, तेल मी घेतलं.”

“तू? तुला सरळ रेघ मारता येते. बाटलीवरची वाकडी आहे.”

शेषगिरी दगडाच्या आड सरकला.

माळा विमानाकडेच राहिला. दुसऱ्या दिवशी शेषगिरीने बाजारातून एरंडेलाची नवी बाटली आणली. आत्यांनी झाकण उघडून हुंगली आणि दिव्याला वापरली. “बी कृष्णराजनगरची पाहिजे. आणि कढवायला तूच बसायचं.”

तो गावी जाऊन आला, दोनदा. दोन्ही वेळा बी आणायचं विसरला. आत्यांच्या बाटलीवर, जिथवर तेल भरून द्यायचं तिथे, त्यांनी ओढलेली सरळ रेघ अजून आहे, आणि तेल तिच्या चार बोटं खाली.