मताचा फोटो

मांजरी गावच्या मथुराबाईंचा राग म्हणजे साधंसुधं काम नव्हे. गावचा ऊस मोडून टॉवर उठले, गाव महापालिकेत गेलं. बाई मात्र होत्या तशाच. त्यांचा पुतण्या हिंमतराव जमिनी विकून प्लॉटिंगवाला झाला, गळ्यात जाड साखळी आली, आणि आता स्वारी नगरसेवक व्हायला निघाली.

मतदानाच्या आदल्या दिवशी भावकीतल्या बायकांना अंगणात बसवून हा म्हणतो कसा, "बटन दाबलं की दिवा लागतो. त्याचा फोटो काढून आणायचा. मोबाइल पोलक्यात लपवा, तिथं कोण बघत न्हाई."

घ्या! याचा बाप निदान बेल-भंडारा उचलायला लावायचा. खंडोबाची शपथ झाली की कुणी झडती घेत नसे. याला देवसुद्धा पुरेना.

"आमच्या शब्दावर भरवसा न्हाई व्हय रं?" मथुराबाई कडाडल्या.

"भरवसा हाय काकू, पण पुरावा पायजे. आन तुमच्या घराची वाट माझ्या प्लॉटातनं जाती, तेवढं ध्यानात ठेवा."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसरी वाट म्हणजे कालव्याकडून लांबचा वळसा, आणि गुडघे तर कधीच कामातून गेलेले. त्यांनी मोबाइल चार्जिंगला लावला.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या गेटवर 'मोबाइल नेण्यास मनाई' असा हा मोठा बोर्ड. एक तरुण पोलीसबाई एकेकीला विचारत होत्या. पुढच्या दोघी पदर घट्ट आवळून, मान हलवून आत सटकल्या. मथुराबाईंनी मात्र पोलक्यातून मोबाइल काढला आणि सरळ पोलीसबाईंच्या हातावर ठेवला.

"हा घ्या. आन ते गडी बोर्डाखाली उभं राहून फोनवर बोलत्यात, त्यांचंबी घ्या की! नियम काय फकस्त लुगड्याला हाय?"

"ते कार्यकर्ते आहेत, मावशी."

"मग मी कोण? उपटसुंभ?"

मत देऊन, मोबाइल परत घेऊन त्या बाहेर आल्या, तर कार्यकर्त्यांच्या मांडवाशी हिंमतराव उभाच.

"फोटो?"

"न्हाई."

त्यानं आवाज खाली आणला. "पोलिसांनी मोबाइल घेतला, बघितलं मी. तुमचा काय दोष? तसं सांगा, वाट तुमचीच."

नुसतं 'व्हय' म्हटलं की सुटका होती. तुम्ही-आम्ही मुकाट्यानं म्हटलंही असतं.

"घेतला न्हाई, मी दिला!" सगळा मांडव वळून बघू लागला. "आन बटन दुसरंच दाबलंय."

हिंमतरावाचा चेहरा पडला. "उद्या वाटेला कुंपण पडंल, काकू."

"उद्या कशाला? आजच घाल." बाईंचा आवाज पहिल्यांदाच कापला. "आजवर तुमच्या घराबिगर कुणाला मत दिलं न्हाई. आज सकाळीबी तुलाच द्यायला निघाले हुते. त्या पोलीस पोरीम्होरं पोलक्यातनं फोन काढताना मान खाली गेली रं माझी. तिथं तुझं मत गेलं."